वेदीपर्यंत न पोचलेली काठी

मी मापाची काठी. स्वस्थ बसून सगळं सांगावं म्हणते, पण स्वस्थ बसणं मला कधी जमलंच नाही. बाबेल देशात खबार कालव्याच्या कडेला देवनळाचं बेट आहे, ते माझं माहेर. हशब्याने मला तिथून कापलं, सोललं, उन्हात वाळवलं आणि स्वतःचं कोपर टेकवून हाताहातावर खाचा पाडल्या. सहा हात भरले मी.

हशब्या मूळचा यरुशलेमचा. लेवी, म्हणजे देवाच्या घरात राबणाऱ्या कुळातला. पंचवीस वर्षांपूर्वी बाबेलच्या राजाने त्याला आणि इतर कितीकांना पकडून इथे आणलं, आणि पुढे देवाचं घरही जाळून टाकलं. इथे हशब्या कालव्यातून उपसलेला गाळ मोजायचा. कुणाचं किती खणून झालं ते मी सांगायचे आणि खणणारे मलाच शिव्या द्यायचे. काम कमी भरलं की माणसं दोष मापाला देतात.

मग वस्तीतल्या संदेष्ट्याला दर्शन झालं. देवाचं घर पुन्हा उभं आहे, एकजण हातात काठी घेऊन भिंती, दारं, अंगणं मोजतोय आणि परमेश्वराचं तेज पूर्वेच्या दाराने परत आत येतंय. ऐकून म्हातारी माणसं ढसाढसा रडली. पंचांनी ठरवलं, गावाबाहेरच्या पडीक रानात हा सगळा आराखडा आखायचा, कारण इथे जन्मलेल्यांनी ते घर पाहिलंच नव्हतं.

काठी, म्हणजे मी, हशब्याकडेच होते. पण त्याच दर्शनात आणखीही एक गोष्ट होती: जे लेवी मूर्तींच्या नादी लागले त्यांनी दारं राखावीत, वेदीजवळ येऊ नये. तरुणपणी हशब्याने टेकडीवरच्या मूर्तीपुढे धूप जाळला होता. सगळ्यांना ठाऊक होतं.

"रेषा तू मार," याजक इद्दो त्याला म्हणाला. "वेदी आली की काठी माझ्या हातात."

"बरं," हशब्या म्हणाला. आपला हात नाही तर नाही, निदान आपली काठी तरी वेदीला लागावी, एवढीच त्याची आस होती.

पहिलीच भिंत आखली तर इद्दो हसायला लागला. "अरे, हा कालव्याचा हात धरलास. देवाच्या घराचा हात चार बोटं मोठा."

"पंचवीस वर्षं चिखल मोजतोय. डोक्यातही तोच बसलाय."

सहा हातांना चार-चार बोटं, म्हणजे मी पुरी एका हाताने कमी. त्यांनी मला देवनळाचा तुकडा जोडला. सुतळी गुंडाळताना इद्दोचं बोट माझ्या एका खाचेवर थांबलं.

"ही कसली? तिसऱ्या आणि चौथ्या हाताच्या मधेच?"

"चाकू घसरला," हशब्या म्हणाला.

खोटं होतं ते. ती खाच त्सिल्लाची, त्याच्या बायकोची. ती तापाने गेली तेव्हा खड्डा किती लांब खणायचा हे बघायला त्याने मला तिच्या अंगालगत ठेवून खूण केली होती. प्रेताला लागलेली वस्तू विटाळलेली, ती वेदीपाशी न्यायची नाही, हे त्याला लहानपणापासून तोंडपाठ. आणि तरी मला घेऊन तो अंगणामागून अंगण आखत सुटला. प्रत्येक रेषेला माझा जीव खालीवर व्हायचा.

दोन दिवस तो धड जेवला नाही. मुलगी हमूटल भाकरी-कांदा घेऊन आली आणि म्हणाली, "बाबा, खा की. काठी पळून चालली नाही कुठे." तो नुसता भाकरीचे तुकडे करत बसला.

तिसऱ्या दिवशी वेदीची जागा आली. इद्दो अंघोळ करून, तागाची वस्त्रं नेसून आला आणि त्याने हात पुढे केला. हशब्याची मूठ सुटेना.

"सोड की."

"घेऊ नका. हिने त्सिल्लाचं प्रेत मोजलंय. ती खाच चाकूची नाही."

इद्दोने हात झटकन मागे घेतला. "मग दोन दिवस तोंडात काय धरलं होतंस?"

"वाटलं, मी नाही तर निदान ही पोचेल."

इद्दोने आखलेल्या अंगणांकडे वळून पाहिलं. मग म्हणाला, "सगळं पुसावं लागेल."

"मी पुसतो."

दिवस मावळेपर्यंत तो पायाने रेषा मोडत होता. मला तेव्हा फार वाईट वाटलं, आणि हलकंही वाटलं.

नवी काठी इद्दोने स्वतः कापली. हशब्या दारापाशी उभा राहून सांगायचा, "डावीकडे घ्या, डावीकडे. एवढं वाकडं तर बैलही नांगरत नाही." आणि इद्दो निमूट डावीकडे घ्यायचा. वेदी अखेर त्याच काठीने मोजली गेली.

पूर्वेचं दार दर्शनात बंद ठेवायला सांगितलंय. परमेश्वर तिथून आत येतो, म्हणून माणसांनी तिथून जायचं नाही. त्या दाराबाहेर हशब्याने मला आडवं टाकलंय. रोज काम आटोपलं की तो माझ्याशेजारी येऊन बसतो आणि शेरडं हाकलतो. मी मात्र अजून बेचैन आहे. वाऱ्याने रेषा बुजतात, आणि तो येणारा कधी येणार ते कुणीच सांगत नाही.

परवा हमूटल वैतागली. "बाबा, आत नुसती माती आहे. राखता काय?"

"ते घर भरलेलं होतं तेव्हा राखलं नाही," हशब्या म्हणाला.

ती त्याच्याशेजारी बसली. तेव्हा बाई-बाबांनो, इकडे आलात तर एवढं ऐका. मला ओलांडू नका. उत्तरेकडून वळसा घालून या.