मधोमध उभा काटा

नेसरी मागं पडली आणि चंदगडच्या चढावर केबिनखालून वाफ निघाली, तेव्हासुद्धा इंजिनाची गरमी दाखवणारा काटा मधोमध उभा होता. लग्नाच्या फोटोतल्या मामासारखा, निर्विकार. वर्षाराणीनं ट्रक चिंचेच्या सावलीत घेतला. पाठीमागं चाळीस जाळीदार खोक्यांत चार हजार पिल्लं होती, पहाटेच अंड्यातून निघालेली. गाडी पळत होती तोवर वारा त्यांना जगवत होता. गाडी थांबली तसा चिवचिवाट वाढला आणि एप्रिलचं ऊन ताडपत्रीवर ठाण मांडून बसलं.

नवऱ्याला, मृत्युंजयला, माघात अर्धांगवायू झाला. त्यानंतरची ही तिची एकटीची पहिली खेप. त्याच्या शेजारी बसून, बघून बघून ती चालवायला शिकली होती. पण इंजिन म्हणजे त्याचं माहेर. तिथं तिनं कधी डोकावलं नव्हतं.

गडहिंग्लजचा फिटर फोनवर म्हणाला, "दोन तास लागतील वैनी. आज बाजार हाय न्हवं."

दोन तासांनी खोक्यांत काय उरणार, हे तिनं त्याला सांगितलं नाही. स्वतःलाही सांगितलं नाही.

समोरच्या घरातून एक म्हातारी आली. बाळाबाई म्हणत तिला. विचारपूस नाही, काही नाही. तिनं सरळ ताडपत्री वर केली. "वडापच्या जीपमध्ये माणसं कोंबत्यात तशी कोंबलीयास की गं. चढ वर, धर एका बाजूनं."

दोघींनी खोकी उतरवून चिंचेखाली मांडली, वर ओली पोती टांगली. तळाची दोन खोकी गप्प होती. वर्षाराणीनं त्यात बोट घातलं आणि काढून पदराला पुसलं.

केबिनमधलं इंजिनाचं झाकण उघडून बघितलं, तर पुढचे मोठे पाईप कोरडेठाक. मग पाणी जातंय कुठं? तासापूर्वीच तिनं कॅनभर ओतलं होतं. ती फडकं घेऊन रेडिएटरचं तोंड उघडायला गेली, तसा बाळाबाईनं हातावर फटका मारला. "कुकर हाय त्यो. तोंड भाजून घेतीस? दम धर."

दम धरायचा म्हणजे पिल्लांचा दम मोजत बसायचं. तिनं घरी कळंब्याला व्हिडिओ कॉल लावला. अनुजानं, लेकीनं, फोन बापासमोर धरला. आजारानं मृत्युंजयपाशी एकच शब्द शिल्लक ठेवला होता.

"अवो, पाणी कुठनं जातंय? खालनं?"

"व्हय."

"वरनं?"

"व्हय."

"मागनं?"

"व्हय."

"असला नवरा मी चाळीस वर्षं देवाकडं मागत हुते," बाळाबाई म्हणाली.

वर्षाराणीला हसू आलं नाही. तिनं चावी फिरवली आणि फोन काट्यापुढं धरला. "बरं, काटा तर खरा हाय न्हवं? मधोमध हाय बघा."

मृत्युंजयनं डोळे मिटले.

"काटा खरा हाय न्हवं?"

त्यानं मान भिंतीकडं वळवली.

ती काट्याच्या वायरीवर हात ठेवून माग काढत खाली गेली. वायर इंजिनाची गरमी मोजणाऱ्या सेन्सरपर्यंत पोचतच नव्हती. मध्येच तोडलेली, आणि टोकाला रेडिओत असतो तसला रंगीत पट्ट्यांचा तांदळाएवढा तुकडा जोडून बॉडीला आवळलेली. इंजिन कितीही तापो, तो तुकडा काट्याला मधोमधच धरून ठेवत होता. मग तिला आठवलं. दोन वर्षांमागं ठेवलेला बदली ड्रायव्हर काटा चढला की दर घाटात थांबायचा. एक दिवस मृत्युंजय रेडिओवाल्याकडं जाऊन आला आणि म्हणाला, "आता न्हाय थांबायचा." तीही हसली होती. आणि मृत्युंजयनं बसवला म्हणून सांगितलेला नवा सेन्सर डॅशबोर्डच्या कप्प्यात होता, पाकीट न फोडलेला.

काटा खोटा, म्हणजे इंजिन केव्हापासून उकळतंय देव जाणे. आता ती दिसेल त्या पाईपमागं हात घालत गेली. इंजिनाच्या पाठीला बोटं ओली झाली. केबिनच्या हीटरला जाणारे दोन पाईप होते. त्यातला एक उकलला होता आणि पाणी तापल्या लोखंडावर पडून जागीच वाळत होतं. ट्रक कुठल्याशा थंड मुलखातून लिलावात आलेला. कोल्हापुरात हीटर लावायची वेळ कुणावर आली असेल तर त्याचं नाव तिनं ऐकलं नव्हतं.

इंजिन जरा निवल्यावर तिनं दोन्ही पाईप काढले. चांगला होता त्याची दोन्ही टोकं इंजिनालाच जोडली आणि हीटरला वगळून टाकलं. क्लिपा आवळताना मनगट भाजलं. जुना सेन्सर पान्यानं फिरेना. तिनं पाना दोन्ही हातांनी धरून, सासरच्या सगळ्यांची नावं घेत, फिरवला. नवा बसवला, तांदूळ तोडून फेकला, वायर जोडली. बाळाबाईनं घागरीनं पाणी ओतलं.

दोघींनी खोकी परत चढवली; आणखी एक गप्प झालं होतं, ती तीन चिंचेखालीच राहिली. "जा तू. ह्येंचं मी बघते," बाळाबाई म्हणाली.

पुढच्या चढाच्या मध्यावर काटा हलला. मधला भाग ओलांडून वर सरकला. फोन सीटवर चालूच होता.

"चढतोय," ती म्हणाली.

"व्हय. व्हय. व्हय." ह्या व्हयचा अर्थ 'चल, चल' होता, पंचवीस वर्षांच्या संसारात तेवढं तिला कळत होतं. वरचा माथा तर दिसतच होता.

"न्हाय," ती म्हणाली आणि गाडी वाऱ्याच्या तोंडाला आडवी घेऊन थांबली. पाणी फिरत राहावं म्हणून इंजिन बंद न करता खाली उतरली, ताडपत्री दोन्हीकडनं सोडली, खोक्यात हात घातला. तळहाताला चोच लागली. मग दुसरी.

केबिनमध्ये परत चढून ती काट्याकडं बघत बसली. बराच वेळ तो होता तिथंच होता. मग केसभर खाली आला.