दुसऱ्याची मंजुरी

कोर्टात घटस्फोटाच्या कागदांवर मी भराभर सह्या केल्या. भांडी वाटली, पुस्तकं वाटली, कपाट त्याला, फ्रिज मला. राहिलं ते आमचं सॉफ्टवेअर. लग्नाआधीपासून दोघांनी मिळून लिहिलेलं, फुकट, कोड सगळ्या जगाला खुला. वेडीवाकडी स्कॅन केलेली कागदपत्रं आत घालायची, स्वच्छ मजकूर बाहेर येतो. नियम एकच: एकाने केलेला बदल दुसऱ्याने मंजूर केल्याशिवाय आत जात नाही.

मग त्याचा बदल आला. वापरात नसलेला जुना कोड सगळा साफ केलेला, आणि शेवटी देखभाल करणाऱ्यांच्या यादीतून स्वतःचं नाव काढलेलं. वर नुसतं "बघून घे."

बघते ना. खुसपटं काढण्यात माझा हात कोण धरणार? इथे एक ओळ उगाच रिकामी आहे. या फंक्शनचं नाव गोंधळात टाकतं. कागदातले तक्ते नीट वाचले जातात का, त्याची चाचणी कुठंय? तो मुकाट्याने दुरुस्त करायचा. मेल्याने लग्नात एवढं ऐकलं असतं तर! रोज सकाळी चहाच्याही आधी मी त्याचं उत्तर आलंय का बघायचे. आमच्यात तेवढंच बोलणं उरलं होतं.

एक दिवस सासूबाईंचा फोन आला. त्यांना मी अजून आईच म्हणते.

"अगं, त्याचं काहीतरी अडलंय म्हणे तुझ्यापाशी. नव्या नोकरीत हे असलं बाहेरचं काम चालत नाही त्याला. सोड ना बाई आता."

"चुका आहेत त्यात, आई."

"असतील," त्या म्हणाल्या. "तू जेवतेस ना वेळेवर?"

फोन ठेवून सगळा कोड पुन्हा वाचला. नाव ठेवायला जागा उरली नव्हती. एक सोडून. मी लिहिलं, "तू गेल्यावर माझे बदल कोण मंजूर करणार? मी अडकून बसेन." पाठवलं आणि ढसाढसा रडले. मला तो जायला नको होता, आणि याहून उघड मागणं मला जमत नाही.

उत्तर लगेच आलं. "खरंच की. लक्षातच आलं नाही माझ्या." खाली नवा बदल जोडलेला. दुसऱ्याच्या मंजुरीचा नियमच त्याने काढून टाकला होता. "आता तुझं काही अडणार नाही."

काम चोख होतं. सगळ्या चाचण्या पास झाल्या. मी मंजूर केलं.

नंतर एका फाइलच्या तळाशी एक फालतू रिकामी ओळ दिसली. ती काढली, पाठवली. सरळ आत गेली. कुणी काही विचारलं नाही.