काळं चॉकलेट

"अक्का, ह्या बंड्यानं काय खाल्लंय बघा की!"

शेजारच्या हंबीररावांनी दारातून हाळी दिली तशा अक्काताई पदराला हात पुसत बाहेर आल्या. अंगणभर चांदीचा कागद फाटून पडला होता. लेकानं, वृषभनं, पुण्याहून आणलेल्या काळ्या चॉकलेटचा डबा बंड्यानं चाटूनपुसून साफ केला होता. शेजारी वाटायचा म्हणून तो अक्काताईंनीच कट्ट्यावर काढून ठेवला होता.

कुत्र्याचा पाय जागेवर ठरत नव्हता. नळापर्यंत जायचा, फाटकाशी यायचा, धापा टाकत पुन्हा नळाकडे वळायचा.

"मिठाचं पाणी पाजूया. भडाभडा वकंल," हंबीरराव म्हणाले.

अक्काताईंनी तांब्यात मीठ घातलंसुद्धा. मग त्या थबकल्या. "आधी इचारून बघू," म्हणत त्यांनी जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला.

"मीठ अजिबात नको! घरी काही पाजू नका. डबा बरोबर घ्या आणि लगेच या. काळं चॉकलेट कुत्र्याच्या हृदयाला सोसत नाही."

हंबीररावांनी आपली रिक्षा काढली, पण बंड्या काही केल्या चढेना. कुत्रा अक्काताईंच्या नवऱ्याचा, गोमटेश यांचा. त्यांनीच तो कळंब्याहून शर्टात गुंडाळून आणला होता. गेल्या दिवाळीत दुकानात बसल्या जागी ते गेले. तेव्हापासून दोन वेळा भाकरी टाकायची, एवढाच अक्काताईंचा आणि बंड्याचा संबंध. आजवर त्याला कधी हात म्हणून लावला नव्हता.

"चावंल हं, अक्का."

"चावू दे." त्या वाकल्या आणि दोन्ही हातांनी त्याला उचलून मांडीवर घेतलं. शिवाजी पेठेतल्या गर्दीतून रिक्षा निघाली. तळहाताखाली त्याचं काळीज नुसतं धडधडत होतं. "हाण की जरा जोरात!" त्या हंबीररावांवर ओरडल्या.

डॉक्टरांनी डब्यावरचं वाचलं, सुई टोचून उलटी करवली, विष शोषून घेणारी कोळशाची काळी पूड पाण्यातून पाजली आणि सलाईन लावलं. "वेळेत आणलंत. पण अंगातली थरथर थांबेपर्यंत हलवायचं नाही."

सलाईन लावलेला पाय धरून बसायला कोणीतरी हवं होतं. अक्काताई बसल्या. मध्येच उठायच्या, दारापर्यंत जायच्या, पुन्हा येऊन पाय धरायच्या. घरचा फोन कोणी उचलेना म्हणून वृषभनं शेजारी विचारलं आणि दवाखान्यात फोन केला.

"आई, एका कुत्र्यासाठी एवढं कशाला पळतीस?"



"तुझं बाबा गेलं तवा पळायला येळच घावला न्हाय रं," त्या म्हणाल्या. "आज घावलाय."

वृषभ हळूच म्हणाला, "बरा झाला की सांग."

घरी परतेपर्यंत दिवस मावळला होता. सूर्य बुडाल्यावर अन्न नाही की पाणी नाही, हा अक्काताईंचा माहेरापासूनचा नेम. सकाळच्या चहानंतर पोटात काही गेलं नव्हतं. जीभ टाळ्याला चिकटली होती.

त्यांनी वाडगं भरून बंड्यापुढे ठेवलं. त्यानं आधी नुसतं हुंगलं, मग मान खाली घातली आणि लपलप पाणी प्यायला लागला. भिंतीला टेकून अक्काताई तो आवाज ऐकत राहिल्या. वाडगं रिकामं झालं, तसं त्यांनी ते पुन्हा भरलं.