सही-शिक्क्याची बाटली

मित्रांनो, मी एक जुनी बाटली आहे. स्कॉटलंडच्या डोंगरांतले निर्मळ पाणी, निवडक जव आणि बारा वर्षांची तपश्चर्या माझ्या पोटात साठवलेली आहे, असे मी तुम्हाला अभिमानाने सांगितले असते. पण सध्या माझ्यात एरंडेल आहे.

माझा जन्म भट्टीत झाला. अंग निवते न निवते तोच माझ्यात व्हिस्की भरली, बूच ठोकले आणि पेंढ्यात गुंडाळून मला पेटीत घातले. काचेला जन्मतःच एक गोष्ट कळते, की आपण कधीतरी फुटणार. जहाजात, मुंबईच्या गोदीत, नागपूरच्या मालगाडीत, दर धक्क्याला मी हाच विचार करीत आले. शेजारची बाटली भुसावळला फुटली. तिचा वास नागपूरपर्यंत आमच्या सोबतीला होता.

सदर बाजारात फरेदूनजी पारशाच्या दुकानात मला वरच्या फळीवर जागा मिळाली. साहेबांचे खानसामे येत, बोट दाखवीत आणि एकेक बाटली घेऊन जात. मी बूच उपसण्याच्या मळसूत्राला भिऊन असे. पण नाताळाला दोन दिवस उरले असताना दुकानात असे एक गिऱ्हाईक शिरले, की मी मळसूत्र विसरले. ते माझ्यापेक्षा जास्त भ्यालेले होते.

हे दत्तोपंत देवपुजारी, सेक्रेटरिएटात नकला काढणारे कारकून. उपरणे नाकापर्यंत ओढलेले. सोबत त्यांच्याच कचेरीतले बाबाराव. दोघांनीही जन्मात दारूला हात लावलेला नव्हता. मात्र बाबारावांना तिच्याविषयी सगळे माहीत होते.

"बाबाराव, कोणी पाहिलं तर?"

"पाहू द्या ना! सिरोंच्याले गेल्यावर कोण येणार आहे तुम्हाले पाहाले? आला तर वाघ येईल."

भीतीचे मूळ ते हे. सिरोंचा म्हणजे चांद्याच्याही पलीकडे, गोदावरीकाठचे तापाचे रान. एका कारकुनाला तिकडे पाठवायचे आहे अशी कचेरीत बोलवा होती. मागच्या खेपेला गेलेल्या कारकुनाची पेटी तेवढी परत आली होती. दत्तोपंतांच्या पत्नीला, प्रमोदिनीबाईंना, आठवा महिना लागलेला, आणि पहिले मूल हाती लागले नव्हते. बदल्यांची यादी साहेब जानेवारीत काढणार. त्याआधी नाताळात बंगल्यावर डाली, म्हणजे भेटीची टोपली, नेण्याची चाल होती. बाबारावांचे म्हणणे असे, की संत्री सगळेच नेतात; साहेब स्कॉच आहे, तर टोपलीतही स्कॉचच पाहिजे.

फरेदूनजीने फळीवरच्या आम्हा तीन बाटल्यांना गल्ल्यावर उभे केले. "बोला पंत. धुराच्या वासाची, का गोडसर?"

"बिनवासाची नाही का?"

"बिनवासाचा सोडा हाय. देऊ?" पारशाने मला पुढे सरकवले. "ही घ्या. बारा वरसांची जुनी."

दत्तोपंत दचकले. "बारा वर्षं? किडे-बिडे नाही ना पडले?"

"तांदूळ जुना चांगला, तूप जुनं चांगलं," बाबाराव म्हणाले, आणि मग त्यांनाच शंका आली. "पण लोणचं तीन वर्षांवर नाही टिकत."

मी तांदळात मोडते की लोणच्यात, हे दोघांनाही ठरवता येईना. दत्तोपंतांनी आम्हा तिघींना माठाला मारतात तशी टिचकी मारून पाहिली. माझ्या अंगातून जी कळ गेली ती गेलीच. मग त्यांनी मला उजेडात धरले, त्यांचे डोळे माझ्यावरच्या कागदावर स्थिरावले आणि त्यांनी नाकावरचे उपरणे खाली केले.

"बाबाराव, याच्यावर सही आहे. दोन सह्या! अन् शिक्के सहा."

"इतके शिक्के तर नझूलच्या सरकारी जमिनीच्या पट्ट्यावरही नसतात," बाबाराव म्हणाले.

माझी निवड झाली ती अशी. पोटातल्या मालाचा कोणी विचार केला नाही. सह्या जागच्या जागी होत्या, एवढे पुरले.

महाल वस्तीतल्या घरी मी मागच्या दाराने, उपरण्यात गुंडाळून गेले. दारात यमुताई उभ्या होत्या. त्या दत्तोपंतांच्या विधवा थोरल्या बहीण, आणि त्या घरचे सोवळे त्यांच्या ताब्यात होते.

"काय आहे गा दत्तू ते?"

"औषध आहे, ताई. साहेबाच्या डालीतलं."

"साहेबाले काहून औषध पाहिजे? धडधाकट तर दिसते."

दत्तोपंतांनी मला विहिरीजवळ टोपलीखाली झाकले आणि दुसऱ्या दिवशी ते कचेरीत गेले. ते गेल्याबरोबर टोपली उचलली गेली.

"औषध असो का अमृत," यमुताई म्हणाल्या, "दहा जातींचे हात लागले. आंघोळ घातल्याशिवाय आत नाही."

मित्रांनो, घंगाळातल्या पाण्यात बुडताना मला समुद्राची आठवण झाली. पण समुद्राने मला घासले नव्हते. चिंच झाली, राख झाली, काथ्या झाला. माझा कागद एका कोपऱ्यातून सुटू लागला.

प्रमोदिनीबाई दारातून म्हणाल्या, "वन्सं, कागद निघून राहिला ना!"

"निघू दे वं. खळ लावून चिकटवला दिसते. कोणाच्या हातची खळ, देव जाणे."

आधी शिक्के गेले, मग सह्या. मी नितळ, चकचकीत आणि निनावी झाले. संध्याकाळी दत्तोपंत आले, मला पाहिले आणि उंबऱ्यावरच बसले.

"ताई, सह्या कुठं गेल्या?"

"मोरीत."

ते तसेच उठून सदर बाजारात पळाले. दुकानात बाटली म्हणून उरली नव्हती. खानसामे सगळी फळी धुऊन घेऊन गेले होते. डाली सकाळी न्यायची होती. निनावी बाटली पाहून साहेब म्हणणार, कारकुनाने मोहाची दारू आणली! मग सिरोंचा तरी कशाला, थेट कचेरीच्या फाटकाबाहेरच.

तेव्हा दत्तोपंतांनी दौत-लेखणी काढली. लेखणी हाती आली, की त्या माणसाची भीती कुठल्या कुठे जात असे. आण्याचे नाणे ठेवून त्यांनी सहा शिक्के आखले. आठवणीतून सगळा इंग्रजी मजकूर वळणदार अक्षरात उतरवला. दोन्ही सह्या हुबेहूब वठवल्या. वीस वर्षांची सवय; डोके थांबले तरी हात थांबला नाही, आणि सगळ्यांत खाली त्याने लिहिले: 'खरी नक्कल'. त्याखाली स्वतःची सही आणि तारीख.

हे ध्यानात आले तेव्हा तो कागद माझ्यावर डिंकाने चिकटून वाळला होता.

"खोडा ना ते," प्रमोदिनीबाई कळवळून म्हणाल्या.

"खाडाखोड?" दत्तोपंत पांढरे पडले. "साहेबाच्या कागदावर?"

सकाळी टांग्यात त्यांनी टोपली मांडीवर घट्ट धरली होती. त्यांच्या छातीचे ठोके माझ्या काचेवर वाजत होते. दोघांपैकी आधी कोण फुटणार, एवढाच प्रश्न होता.

साहेब व्हरांड्यात आला. संत्र्यांतून त्याने मलाच उचलले. त्याने कागद वाचला. पुन्हा वाचला. नजर तळाच्या ओळीवर आली, थांबली.

"ये किसने लिखा?"

"हुजूर... मैंने."

"नकल है?"

"खरी है, हुजूर."

साहेबाच्या मिशा हलल्या. राग होता की दुसरे काही, ते आम्हा दोघांनाही कळले नाही. त्याने मला टोपलीत ठेवले आणि एक संत्रे उचलले. "फल लेगा. बोतल नहीं. सरकारी हुकुम."

हुकूम खराच होता. फळे-फुले सोडून काही घेऊ नये, असा. त्याच्या नकला दर डिसेंबरात दत्तोपंतच काढीत. पण नक्कल काढणाऱ्याने मजकूर वाचायचा नसतो, वाचला की चुका होतात. दत्तोपंतांनी तीनदा सलाम केला आणि ते मागे सरता सरता गुलाबाच्या वाफ्यात गेले.

पुढचे पंधरा दिवस घरात कोणी मोठ्याने बोलले नाही. प्रमोदिनीबाई ट्रंकेत बाळाच्या दुपट्यांवर क्विनाइनची बाटली ठेवीत, आणि थोड्या वेळाने सगळे बाहेर काढून पुन्हा घडी घालीत. मी कोनाड्यातून पाहत असे. फुटणे बरे, असे मला तेव्हा पहिल्यांदा वाटले.

यादी लागली त्या दिवशी बाबाराव ओरडतच आले, "नाव नाही! पंत, तुमचं नाव नाही!"

प्रमोदिनीबाई ट्रंकेला टेकून रडल्या. मग श्रेयाची वाटणी सुरू झाली. यमुताई म्हणाल्या, धुऊन शुद्ध केली म्हणून पावली. बाबाराव म्हणाले, सल्ला कोणाचा होता? दत्तोपंत मात्र त्या दिवसापासून आपल्या अक्षराकडे जरा आदराने पाहू लागले. फेब्रुवारीत चारुलता झाली. सर्दी झाली, की तिच्या छातीला यमुताई मला चोळीत. उरलेली मी त्यांच्या गुडघ्यांत जिरले.

मित्रांनो, जुन्या बाटल्यांना जपा. टिचकी मारू नका. धुवायची झाली तर आतून धुवा, वरचा कागद भिजवू नका. आमची सगळी अब्रू त्याच्यावर असते.

त्याच उन्हाळ्यात बाबाराव पन्हे पिता पिता सहज बोलून गेले. सिरोंच्याची ती जागा सरकारने दिवाळीतच रद्द केली होती.