राजाचा आवाज

पहिली शिटी वाजली तसा सहदेव खुर्चीच्या कडेला सरकला आणि मागे वळून बघू लागला. अंधेरीतल्या शाळेचं सभागृह अर्धंमुर्धं भरलं होतं. शेवटच्या रांगेत तीन तरुण एकमेकांवर रेलून हसत होते.

रंगमंचावर त्याचा मुलगा श्यामसुंदर उभा होता. डोक्यावर पांढऱ्या कुरळ्या केसांचा टोप, गालांवर पावडर, मनगटाशी लेस लोंबणारा जांभळा मखमली कोट. टेपवर हार्पसिकॉर्ड, पियानोसारखं जुनं वाद्य, वाजत होतं आणि श्यामसुंदर बायकांच्या पट्टीत गात होता.

"राजा आहे तो, बाबा," त्यानं घरी समजावलं होतं. "बरोक ऑपेरा म्हणतात याला, युरोपातलं जुनं संगीत नाटक. तेव्हा राजे, योद्धे असेच उंच आवाजात गायचे."

फिल्म सोसायटीत तसल्या पोशाखांचा एक सिनेमा बघून आल्यापासून पोराला हे वेड लागलं होतं. बँकेतून आला की कॅसेट लावायची आणि डोळे मिटून बसायचं.

संपात गिरणीतली नोकरी गेलेल्या सहदेवला राजाच्या उंच आवाजाचं काही नवल वाटत नव्हतं. मुंबईला येण्याआधी गावाकडे तो स्वतः दशावतारात बायकांची कामं करायचा. आवाज गोड होता, लुगडं शोभायचं. एका जत्रेत खेळ आटोपून तो तोंड धुवायला विहिरीवर गेला, तेव्हा तिथे काही माणसं त्याची वाट बघत होती. पुढचं त्यानं कोणालाच सांगितलं नव्हतं, बायकोलासुद्धा नाही. तोंडाला रंग मात्र पुन्हा कधी लावला नाही.

गाणं वर वर चढत गेलं. क्षणभर सहदेवच्या अंगावर काटा आला, सुखाचा. तेवढ्यात पुन्हा शिटी वाजली आणि तो मागे वळला.

शेवटच्या गाण्याला शिटी वाजली नाही, तरी तो मागेच बघत राहिला. पडदा पडताच तो रंगपटाच्या दाराशी धावला.

"तोंड धू. आत्ताच्या आत्ता."

"कसं झालं ते तरी सांगा!"

"धू म्हणतो ना!"

श्यामसुंदर नुसता हसला. घामानं पावडर ओघळली होती. टोप काढून, कोट अंगात तसाच ठेवून तो बाहेर निघाला.

फाटकाशी तेच तिघे उभे होते. एकानं सिगारेट टाकली आणि तो पुढे आला. सहदेवनं मुलाचं मनगट धरलं आणि स्वतः मध्ये उभा राहिला.

"ए हीरो," तो पोरगा म्हणाला, "ते लास्टवालं परत म्हण ना यार."

सहदेव जागचा हलला नाही. मग त्या पोरानंच मान खाली घातली.

"शिट्ट्या उगाच मारल्या रे. लास्टला गप बसलो होतो ना आम्ही."

श्यामसुंदर तिथेच, रस्त्यावरच्या दिव्याखाली हलक्या आवाजात गाऊ लागला. तिघे हाताची घडी घालून ऐकत राहिले. सहदेव त्यांच्या हातांकडे बघत होता.

"बाबा," ओळ संपल्यावर श्यामसुंदर पुटपुटला, "हात सोडा आता. दुखतोय."

"घराक पोचू दे आधी," सहदेव म्हणाला.