गच्चीवरून दिसणारा तारा

मित्रांनो, मी उतारवयाला लागलेला एक तारा आहे. माझ्या पोटातलं मुख्य इंधन सरलं, तसं अंग फुगू लागलं. माझ्याभोवती धूळ आणि दगडगोट्यांचं भलंमोठं कडं फिरतं. ग्रह घडताना उरलेला हा राडारोडा अजूनही आपसांत आपटतो आणि नवी धूळ उडवतो. ते कडं बघायला मोठ्या दुर्बिणी लागतात. मी मात्र नुसत्या डोळ्यांनी दिसतो, नजर चांगली असेल तर.

तुमच्याकडची बातमी मला फार उशिरा कळते, म्हणून ही गोष्ट जुनी आहे. एक बसचालक शाळेच्या मुलांची ने-आण करायचा. संध्याकाळी त्याची मुलगी वाळलेले कपडे काढायला गच्चीवर आली की तोही मागोमाग यायचा. "आला का आपला म्हातारा?" असं म्हणत मला शोधायचा. इतक्या आयुष्यात मला कुणी 'आपला' म्हटलं नव्हतं!

एकदा माझ्यासमोर ढग आला. मुलीने सहज विचारलं, "बाबा, दिसला का?"

"दिसला की! लख्ख आहे."

तिच्या हातातली चादर तशीच राहिली. "बाबा, तिथे ढग आहे."

"अगं, अंदाजानं म्हटलं."

"बससुद्धा अंदाजानं चालवता?"

त्याचा चेहरा पडला. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीला टेकून तो खालीच बसला. "हल्ली समोरचं धूसर दिसतं गं. पण गाडी सुटली तर मी उरतो कोण?"

मुलगी रागावली नाही. त्याच्याजवळ बसली. "आमचे बाबा उरता. पण उद्यापासून गाडीला हात लावायचा नाही. लोकांची पोरं असतात तुमच्या भरवशावर."

सकाळी त्याने स्वतः शाळेत जाऊन किल्ली परत दिली. उपचारांनी एक डोळा सुधारला. दुसऱ्याला उशीर झाला होता. बस चालवणं कायमचं सुटलं. शाळेने त्याला लहानग्यांना बसमध्ये चढवायचं-उतरवायचं काम दिलं. पहिल्या दिवसाची हकिगत त्याने गच्चीवर मुलीला सांगितली, तेव्हा मलाही कळली. मागच्या बाकावर बसताना त्याला भरून आलं होतं.

"काका, तुम्ही आज इकडे कसे?" एका चिमुरडीने विचारलं.

"तुमच्यात बसायचं राहूनच गेलं होतं," तो म्हणाला. तिने लगेच सरकून जागा केली.

मित्रांनो, घरातल्या मोठ्यांना अधूनमधून विचारत जा, नीट दिसतं ना, नीट ऐकू येतं ना. आणि कुणी घाबरत घाबरत खरं सांगितलं, तर आधी त्यांच्याजवळ बसा.