वहिनींच्या बाटलीतलं पाणी

जयलक्ष्मीपुरमच्या त्या गल्लीत काही उलटंपालटं झालं की लोक आधी शंभूरावांच्या तोंडाकडे बघत. उगाच नाही. दसऱ्याच्या मिरवणुकीच्या तालमीतला हत्ती यंदा आपल्या गल्लीतून जाणार, अशी थाप मारून या माणसाने अख्खी गल्ली उसाची कांडकी घेऊन फाटकापाशी उभी केली होती. पन्नाशी उलटली, खोड गेली नाही. मग पाण्याच्या रिपोर्टात घोळ निघाल्यावर संशय दुसऱ्या कुणावर जाणार?

गल्लीला पाणी एकाच बोअरचं. मागच्या बाजूला एक बंद पडलेला कारखाना. तिथे लोखंडी भाग सॉल्व्हंटने धुवायचे आणि उरलेलं मुकाट जमिनीत सोडायचे. नळाला रंगाच्या डब्यासारखा वास यायला लागला तेव्हा लॅबने घरोघर बाटल्या वाटल्या. लॅबकडे माणसं कमी, म्हणून भरायचं काम घरच्यांवरच. सगळ्यांच्या पाण्यात सॉल्व्हंट निघालं. फक्त तुळसीवहिनींचं पाणी स्वच्छ.

झालं. गल्ली कालपासून घागरी, कॅन घेऊन वहिनींच्या नळाला. वास तिथेही होता, पण रिपोर्टापुढे नाकाचं कोण ऐकतं? वहिनी उत्साहाने सगळ्यांना भरून देत होत्या, वर कॉफीही विचारत होत्या.

वरच्या माडीवर राहणारे त्यांचे दीर शंभूराव मात्र पायरीवर बसून विचार करत होते. एकच बोअर, एकच पाइप, आणि आमच्याच घरी गंगा कशी? रिपोर्ट चुकलाय, हे त्यांना कळत होतं. आणि चुकला असेल, तर वहिनींचं काय? थोरले बंधू व्यासराज गेल्यापासून वहिनी फाटकाबाहेर त्यांच्या नावाने अरवट्टिगे चालवत, म्हणजे आपली पाणपोई. रिक्षावाले, पोस्टमन, शाळेची पोरं, कोण कोण तिथे पिऊन जाई. त्या सगळ्यांना आपण विष पाजलं, असं वहिनींच्या मनाने घेतलं तर ही बाई अन्न सोडेल.

तेवढ्यात लॅबची मृदुला आली. मूळची नाशिकची, बोलायला एकदम सरळ. नळापाशी उभी राहून तिने विचारलं, या घरची बाटली कुणी भरली?

सगळी रांग शंभूरावांकडे वळली.

"मीच," शंभूराव म्हणाले. "विकतचं पाणी भरलं. गंमत म्हणून."

त्यांचा हिशोब साधा होता. रांग मोडेल, आणि वहिनी दिराला झाडण्यात इतक्या गुंततील की पाणपोईचं त्यांना सुचणार नाही.

पण वहिनी घागर खाली ठेवून पुढे आल्या. "सुम्मने, उगाच खोटं बोलू नका हो भावजी. बाटली मी भरली. पाणपोईच्या माठातून."

मृदुला म्हणाली, नळातून थेट भरा असं सांगितलं होतं.

"परक्या बाईच्या हातात नळाचं कच्चं पाणी द्यायचं? आमच्या घरी?"

मग मृदुलाने खोदून खोदून विचारलं. वहिनींची रीत अशी: संध्याकाळी घागर उंच धरून बारीक धारेने फडक्यातून परातीत ओतायचं, परातीतून माठात, रात्रभर वर नुसतं विरळ कापड, सकाळी पुन्हा तसंच दुसऱ्या माठात. मृदुला पायरीवर शंभूरावांशेजारी टेकलीच. म्हणाली, हे सॉल्व्हंट हवेत उडून जातं. म्हणून तर बाटलीत बुडबुडासुद्धा नको म्हणत होते. तुम्ही रात्रभर उडवून लावलंत आणि उरलेलं मला पाठवलंत.

वहिनींनी पदराला हात पुसले. शंभूराव ज्याला भीत होते, तेच त्यांना सुचलं होतं. शंभूरावांनी मान खाली घातली.

"मग मी लोकांना पाजलं ते?"

"तुम्ही मला पाठवलंत, तेच ना त्यांना देत होतात? त्यात आम्हाला काही सापडलं नाही, काकू. रोज तसंच होईल असं नाही, त्यामुळे आता बंद ठेवा. पण त्या बाटलीत खरंच काही नव्हतं."

वहिनींनी सुटकेचा श्वास सोडला तो पायरीवरच्या शंभूरावांनाही ऐकू आला. मग मृदुलाने विचारलं, घरात काय पिता? घरात थेट नळाचं, वहिनी म्हणाल्या. स्वतःसाठी एवढा खटाटोप कोण करतं? दोघांनी रक्त तपासून घ्यावं असं ती म्हणाली. शंभूराव म्हणाले, माझ्या रक्तात सॉल्व्हंटने काय फरक पडणार. कुणी हसलं नाही.

वहिनींचं तिकडे लक्षच नव्हतं. त्या रांगेतल्या कॅनांकडे बघत होत्या. कालपासून गल्लीला त्यांनी स्वतःच्या हाताने कच्चं पाणी वाटलं होतं, आणि ते आता घरोघर प्यायलं जात होतं. त्यांनी पायात चपला सरकवल्या.

शंभूराव म्हणाले, तुम्ही बसा, मी सांगून येतो.

"तुमचं कोण ऐकणार?"

खरं होतं. तरी ते मागोमाग गेले. पहिल्याच दारात विचारणा झाली, ही शंभूरावांची नवी काही गंमत का? वहिनी उंबऱ्यात उभ्या राहून म्हणाल्या, "नाही. मी दिलेलं पाणी आहे, मीच ओतायला आले." आणि आत जाऊन त्यांनी हंड्याला हात घातला. हंडा जड होता. दुसरी बाजू शंभूरावांनी धरली.